पर्यटनाच्या पानावर भरतीची वेळही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत मुंबई येते, आणि दरवर्षी तीच येते: गेटवे, घारापुरी, हाजी अली, मरीन ड्राइव्ह, जमलं तर शिवडीचे फ्लेमिंगो. कुठे उतरायचं, कोणती लोकल पकडायची, वडापाव कुठला खायचा, सगळं असतं. फक्त त्या दिवशी भरती किती वाजता, एवढंच नसतं. या पाचही ठिकाणी काय दिसणार हे घड्याळापेक्षा पाण्यावर जास्त अवलंबून आहे. सोलापूरहून किंवा नागपूरहून आलेलं कुटुंब पौर्णिमेला भर दुपारी हाजी अलीला पोहोचतं आणि बुडालेल्या वाटेकडे बघत उभं राहतं, ते त्यामुळेच.

भरतीची वेळ काढायला मोबाइलही लागत नाही. कोकणपट्टीवर चालत आलेला हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. कोळी तिला सुकती म्हणतात. अष्टमीला आठ पाऊणे सहा. शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब एकच. ज्या पिढीने शाळेत पाऊणकी पाठ केली तिला हे तोंडी जमतं.

मात्र या हिशेबाला एक खोट आहे आणि ती माहीत असलेली बरी. पंधरा तिथींत भरती पूर्ण बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणकीत आपण ४५च धरतो. राहिलेली तीन-तीन मिनिटं साठत जातात आणि पंधरवड्याच्या शेवटी हिशेब पाऊण तास मागे पडतो. म्हणून पौर्णिमेला किंवा अमावास्येला पाऊणकीने सव्वाअकरा येतात, पण मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी बाराच्या आसपास भरतं. ठाण्याच्या खाडीत आत जाल तसा आणखी उशीर होतो. फिरायला जायचं ठरवण्यापुरता हा हिशेब पुरेसा आहे. होडी सोडण्यासाठी छापील कोष्टकच हवं.

वेळेइतकीच उंची महत्त्वाची. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाची भरती सरासरी ४.४ मीटरपर्यंत चढते आणि ओहोटीला पाणी पाऊण मीटरपर्यंत खाली जातं. भांगाला ते ३.३ मीटरपर्यंतच चढतं आणि १.९ मीटरच्या खाली सहसा उतरत नाही. उधाणाला साडेतीन मीटरहून जास्त फरक आणि भांगाला दीड मीटरही नाही. आणखी एक गोष्ट: सर्वांत मोठं उधाण अगदी पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी नसतं, ते पुढच्या दोन-तीन दिवसांत येतं.

इथे आपल्या सर्वच मराठी वृत्तपत्रांची एक जुनी चूक दाखवावीशी वाटते. पावसाळ्यात मथळा येतो: ‘आज समुद्रात पावणेपाच मीटर उंचीच्या लाटा उसळणार’. तो आकडा लाटेचा नसतो, भरतीच्या पातळीचा असतो, आणि तो सागरी नकाशाच्या शून्यापासून मोजलेला असतो. हे शून्य नीचतम ओहोटीच्या जवळपास धरलेलं आहे. समुद्राची सरासरी पातळीच या शून्याच्या वर अडीच मीटर असते. तेव्हा ४.७५ मीटरची भरती म्हणजे नेहमीच्या पातळीपेक्षा सव्वादोन मीटर वर आलेलं पाणी. ते शांतही असू शकतं. लाट किती उठेल हे वाऱ्यावर ठरतं. त्या मथळ्यामुळे एकीकडे लोक उगाच घाबरतात आणि दुसरीकडे लाटा बघायला म्हणून मरीन ड्राइव्हवर गर्दी करतात.

पाणी मोजण्याची गोष्ट निघालीच आहे तर गेटवेपासून सुरुवात करू. गेटवेसमोरच्या अपोलो बंदरावर, जुन्या लोकांच्या पालवा बंदरावर, १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होत आली आहे. इतकी जुनी नोंद आशियात फार थोड्या ठिकाणी आहे. देशातली ‘समुद्रसपाटी’ १९०९ मध्ये ठरवली गेली ती कराचीपासून ओडिशातल्या फॉल्स पॉइंटपर्यंतच्या नऊ बंदरांच्या नोंदींवरून, आणि त्यांत अपोलो बंदर एक होतं. कोणत्याही रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिच्या मुळाशी या धक्क्याचंही पाणी आहे. गेटवेवर दिवसाला हजारो फोटो निघतात, पण हे सांगणारा गाइड विरळा.

गेटवेबद्दल सांगितलं जातं त्यात एक चूक तर हमखास असते: पंचम जॉर्ज या कमानीतून आला. तो २ डिसेंबर १९११ रोजी उतरला तेव्हा इथे पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. पायाचा दगड ३१ मार्च १९१३ रोजी बसला, जॉर्ज विटेटचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला, मग भराव टाकून पाया करण्यातच १९२० उजाडलं आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ रोजी. खर्च २१ लाख रुपये. समोरून सरळ येणारा रस्ता करायला पैसे उरले नाहीत, त्यामुळे आजही आपण कमानीकडे तिरके येतो. कमानीतून वाजतगाजत गेलेली तुकडी आहे ती परत जाणाऱ्यांची: ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इथूनच बोटीवर चढली.

कमानीमागच्या पायऱ्या ओहोटीला जास्त उघड्या पडतात आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. वरच्या कोरड्या पायरीवरून खालच्या हिरव्या पायरीवर चपलेने पाय ठेवला की माणूस घसरलाच. घारापुरीला जाताना मागच्या पट्ट्याची चप्पल किंवा बूट हवेत ते एवढ्यासाठी, आणि पुढे सव्वाशेच्या घरात पायऱ्या चढायच्या आहेत म्हणूनही. लाँचला साधारण तास लागतो. लेणी सोमवारी बंद असतात. सोमवारी तिकडे जाणारी माणसं आजही भेटतात. लाइफ जॅकेट मागून घ्यावं आणि अंगात घालावं, नुसतं मांडीवर ठेवू नये. १८ डिसेंबर २०२४ च्या घारापुरी लाँचच्या दुर्घटनेनंतर हे वेगळं सांगावं लागू नये, पण लागतं.

घारापुरीचा धक्का एवढा लांब का, की त्यावरून चक्क छोटी आगगाडी चालते? कारण बेटाभोवती चिखलाचं उथळ पात्र आहे. ओहोटीला पाणी बरंच आत सरकतं आणि लाँच किनाऱ्याला लागूच शकत नाही. तिथे पाय ठेवला की आपण मुंबईत नसतो, रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात असतो. बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ मध्ये. आणि पोर्तुगिजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटलं तो हत्ती बेटावर नाही. एकोणिसाव्या शतकात तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तो फुटला, आणि सांधलेला हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. राणीच्या बागेत जिवंत प्राणी बघायला येणारी पोरं त्याच्या शेजारून निघून जातात.

हाजी अलीचं गणित वरच्या हिशेबावरून सरळ निघतं. उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बारा-एकला, तेव्हा वाट बुडते. सकाळी किंवा संध्याकाळी जावं. अष्टमीच्या आसपास दुपारी ओहोटी आणि भांगही, तेव्हा दिवसभरात निवांत जाता येतं. पाणी वाटेवर चढायला लागलेलं दिसलं तर ‘पटकन जाऊन येऊ’ म्हणू नये. चढतं पाणी थांबून वाट पाहत नाही आणि परतायला मग दोन-तीन तास खोळंबावं लागतं.

शिवडीच्या फ्लेमिंगोंबाबत उलटी फसगत होते. लोकांना वाटतं, ओहोटी म्हणजे चिखल उघडा, म्हणजे पक्षी दिसणार. पूर्ण ओहोटीला चिखल मैलभर पसरतो आणि पक्षी त्याच्या पार टोकाला चरत असतात. दुर्बिणीशिवाय गुलाबी ठिपके. पूर्ण भरतीला चिखलच बुडतो आणि थवे नेरुळकडच्या पाणथळींवर विसाव्याला निघून जातात. वेळ साधायची ती मधली. पाणी चढू लागलं की ते पक्ष्यांना किनाऱ्याकडे रेटत आणतं, तो तास-दीड तास बघण्याचा. म्हणजे भरतीच्या वेळेआधी तीनेक तास धक्क्यावर हजर असावं. हंगाम नोव्हेंबर ते मे, खरी गर्दी जानेवारीनंतर. सकाळच्या वेळी पूर्वेकडे तोंड करून उभं राहावं लागतं, सूर्य डोळ्यांवर येतो. फोटो हवे असतील तर दुपारनंतर पाणी चढणारी तिथी निवडावी. ऐरोलीहून ठाणे खाडी अभयारण्यात बोटीने नेतात. ती बोटसुद्धा भरतीच्याच वेळेवर सुटते, त्यामुळे रोज ठरावीक वेळ मिळेल ही अपेक्षा ठेवू नये.

ज्या गोष्टीसाठी परदेशात लोक पैसे मोजतात ती मुंबईत गिरगाव चौपाटी, हाजी अली आणि कार्टर रोडच्या खडकांवर फुकट आहे. उधाणाच्या दिवशी सकाळी सहाच्या किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी खूप खाली जातं. खडकांच्या खळग्यांत तेव्हा शंखात राहणारे खेकडे, समुद्री गोगलगायी, समुद्रफुलं, नशीब असेल तर अष्टपाद दिसतो. प्रवाळसुद्धा आहे: सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या १८ वसाहती २०२० मध्ये उचलून नेव्ही नगरजवळ लावल्या गेल्या. भांगाला इथे येऊ नये, खडक उघडे पडतच नाहीत. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी उतरावं आणि पाणी वळलं की परत फिरावं, कारण चढणारं पाणी आधी मागच्या खोलगट भागात शिरतं आणि पुढे गेलेला माणूस खडकावर अडकतो. दगड उलटलाच तर तसाच परत ठेवावा, खालच्या बाजूला जिवांची घरं असतात. प्रवाळ उचलणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

गिरगावात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उथळ पाण्यात पाकट येतात. २०१३ च्या विसर्जनात अनेकांना त्यांच्या शेपटीचे काटे बसले. पाकट वाळूत लपून बसतो आणि पाय वरून पडला तरच मारतो. त्यामुळे पाण्यात पाऊल उचलून टाकू नये, वाळूत घासत पुढे सरकवावं. चाहूल लागली की तो निघून जातो. काटा बसलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा आणि दवाखाना गाठावा. काटा खोल रुतला असेल तर स्वतः उपटू नये.

मुंबईची जमीनच पाण्यातून काढलेली आहे हे सगळे ऐकून असतात; ‘सात बेटं’ हा शब्द पुरवणीतही असतो. पण बघायचं कुठे, ते कोणी सांगत नाही. पायधुणीला उभे राहा: मुंबई आणि माझगाव या बेटांमधली खाडी ओलांडून आलेली माणसं जिथे पाय धूत, ती ही जागा. शेजारी उमरखाडी, नावातच खाडी. हाजी अलीच्या चौकातून जाणारा लाला लजपतराय मार्ग हा मुळात बांध आहे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून समुद्र आत घुसून परळपर्यंतचा भाग बुडवायचा. गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकिर्दीत, १७८४ पर्यंत, ते बुजवलं गेलं. बांध पुनःपुन्हा खचत होता आणि रामजी शिवजी या बांधकाम करणाऱ्याला स्वप्नदृष्टान्त होऊन समुद्रातून देवीच्या मूर्ती सापडल्या, ही महालक्ष्मी मंदिराची कथा याच बांधाची. वांद्र्याकडे जाणारा माहीमचा कॉजवे १८४५ चा. त्यासाठी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. बॅलार्ड इस्टेट शेजारची गोदी खणताना निघालेल्या मातीवर उभी आहे. आणि नरिमन पॉइंटला ज्यांचं नाव आहे त्या बॅरिस्टर खुर्शेद नरिमन यांनी बॅकबेच्या भरावातला घोटाळा चव्हाट्यावर आणला होता. भरावाला त्यांचंच नाव देण्यात थट्टा होती की प्रायश्चित्त, कोण जाणे.

बुजवलेली खाडी मात्र विसरत नाही. मुंबईतून समुद्रात पाणी सोडणारी पर्जन्यवाहिन्यांची १८६ मुखं २००५ च्या पुरानंतर तपासली गेली तेव्हा ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली होती, १३५ भरतीच्या पातळीखाली, आणि फक्त सहा भरतीच्या वर. म्हणजे भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर पाण्याला बाहेर जायला वाट नाही, उलट समुद्र आत येतो. म्हणून दरवाजे बंद करून पंपांनी पाणी बाहेर फेकावं लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३, तेव्हा ‘मुंबईत पाऊस’ ही बातमीही अर्धवटच असते. जून ते सप्टेंबरमध्ये आलेल्या पाहुण्याने एवढं करावं: त्या दिवशी साडेचार मीटरवर भरती असेल आणि पाऊस धरलेला असेल, तर भरतीच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन तास हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन किंवा अंधेरी सबवे या बाजूंना टॅक्सी घालू नये. त्याच तासांत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसू नये, आणि टेट्रापॉडवर तर कधीच उतरू नये. त्या चार पायांच्या ठोकळ्यांमध्ये पोकळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, लाट त्यांत शिरून फुटावी म्हणून. माणूस घसरला तर त्याच पोकळीत जातो आणि वरून हात पोहोचत नाही.

जून-जुलैत पहाटे ससून डॉकचा लिलाव बघायला जाणाऱ्यांसाठी एवढंच: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. १८७५ चा धक्का दिसेल, मासळीचे ढीग नाहीत.

खाऱ्या पाण्याच्या कडेला गोडं पाणी, हेही मुंबईचं एक नवल. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याला गोड्या पाण्याचा झरा आहे. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ ची. तीही गोड्या पाण्याची. आत फक्त पारशांना प्रवेश आहे, बाहेरून पाहून नमस्कार करावा. हँगिंग गार्डनमध्ये हिरवळीवर बसलेल्यांच्या खाली १४ कोटी ७० लाख लिटरचा जलाशय आहे आणि दक्षिण मुंबई त्याचं पाणी पिते. बागेत प्राण्यांच्या आकारात कापलेल्या झुडपांचे फोटो काढणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

आता मागणी. सूर्योदय-सूर्यास्ताच्या चौकटीखाली रोज दोन भरत्या आणि दोन ओहोट्यांच्या वेळा, प्रत्येकीपुढे मीटरमध्ये उंची आणि कोणत्या बंदराची ते नाव छापावं. मुंबई आवृत्तीत अपोलो बंदर, रत्नागिरी आवृत्तीत रत्नागिरी. पर्यटन पुरवणी आठवड्यातून एकदा निघते, तिथे सातही दिवसांचं कोष्टक द्यावं. भरती साडेचार मीटरच्या वर असेल तो आकडा ठळक करावा, आणि ‘लाटा’ हा शब्द त्या चौकटीत येऊ देऊ नये. पंचांगाची तिथी आपण छापताच, तिच्या शेजारीच हे बसेल; दोन ओळींची जागा पुरते.

आपला,
एक वाचक
गिरगाव, मुंबई ४